शिशाची बरोबरी

नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न शहराला सरकारी सुट्टी असते. सण नाही, जयंती नाही, पुण्यतिथी नाही. दुपारी तीन वाजता फ्लेमिंग्टनच्या मैदानावर चोवीस घोडे ३२०० मीटर धावतात आणि साडेतीन मिनिटांच्या आत सगळं आटोपतं. एवढ्यासाठी अख्खा दिवस बंद राहणाऱ्या या शहरात मी गेली काही वर्षं राहतो. दर वर्षी आदल्या दिवशी ऑफिसात एक टोपी फिरते. टोपीत चोवीस चिठ्ठ्या. पाच डॉलर टाकायचे, चिठ्ठी उचलायची, जो घोडा निघेल तो आपला. पहिल्या वर्षी माझ्या वाट्याचा घोडा शेवटून दुसरा आला. मी काही बोलायच्या आत शेजारच्या टेबलावरचा वयस्कर सहकारी म्हणाला, "पुढच्या वर्षी बघ. या शर्यतीत कुणीही जिंकू शकतो. म्हणून तर ती आमची आहे."

हे वाक्य त्यानंतर मी अनेकांच्या तोंडून ऐकलं. मेलबर्न कप ही सामान्य माणसाची शर्यत, कारण ती हँडिकॅप आहे. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, बेताच्या घोड्याच्या पाठीवर कमी, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी. इथल्या माणसाला स्वतःबद्दल जे ऐकायला आवडतं ते सगळं या एका नियमात येतं: कुणी कुणाहून मोठा नाही, आणि मोठा असलाच तर त्याला जरा दाबून ठेवायचं. मला हे पटत नाही. हँडिकॅप हा बरोबरीचा नियम नाही, सट्ट्याचा आहे. दीडशेहून अधिक वर्षं त्याच्या अंगावर न्यायाचा अंगरखा चढवून ठेवलाय, तो आता उतरवायला हवा. कप राहू दे, दोन मैल राहू देत, सुट्टीही राहू दे (सुट्टीविरुद्ध बोलण्याइतका मी धीट नाही). वजनाची ही पद्धत मात्र जावी.

हँडिकॅप म्हणजे काय हे मला लहानपणी मामाने शिकवलं. पावसाळा सुरू झाला की पुण्याचा रेसचा मोसम सुरू व्हायचा. मामा रेसबुक घेऊन बसायचा आणि घोड्याच्या नावाआधी त्याच्यापुढचा वजनाचा आकडा बघायचा. मी विचारलं, इतकं ओझं असलेला घोडा कसा जिंकेल? तर म्हणाला, "अरे, ओझं दिलंय म्हणजेच तो चांगला. हँडिकॅपरने फुकट टिप दिलीये." पद्धत अशी की प्रत्येक घोड्याची आजवरची कामगिरी बघून एक अधिकारी, म्हणजे हँडिकॅपर, त्याला वजन ठरवून देतो. जॉकी आणि खोगीर मिळून तेवढं वजन भरलं नाही, तर खोगिराखालच्या कापडाच्या खिशांत शिशाच्या पट्ट्या घालतात. शर्यतीच्या आधी जॉकी काट्यावर उभा राहतो, नंतरही राहतो. जुन्या लोकांचा एक ठोकताळा आहे: दोन मैलांच्या शर्यतीत एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहून थोडं कमी वजन, घोड्याला साधारण त्याच्या एका लांबीने मागे खेचतं. सगळं नेमकं जुळलं तर सगळे घोडे एकाच क्षणी रेषा ओलांडतील. अर्थात ते कधीच जुळत नाही, आणि कुणाला ते जुळायला नकोही आहे. हवं असतं ते इतकंच की कोण जिंकेल हे आधी कळू नये.

कुणाला हवं असतं? घोडं इथंच पेंड खातं.

'हँडिकॅप' हा शब्द मुळात घोड्यांचा नाहीच. इंग्लंडात सतराव्या शतकात अदलाबदलीचा एक खेळ होता, 'हँड इन कॅप', म्हणजे टोपीत हात. दोघांना आपापल्या वस्तू बदलायच्या असतात, दोन्हींची किंमत सारखी नसते. तिसरा माणूस पंच. हलक्या वस्तूच्या मालकाने वर किती रक्कम द्यायची ते तो सांगतो. तिघेही टोपीत थोडे पैसे टाकतात. मग ते दोघे टोपीत हात घालून एकदम बाहेर काढतात. हातात नाणी असतील तर सौदा मान्य, नसतील तर अमान्य. दोघांचं उत्तर एकच आलं, होकार असो की नकार, तर टोपीतले पैसे पंचाचे. एक हो म्हणाला आणि दुसरा नाही, तर होकार देणाऱ्याचे. म्हणजे पंचाचा फायदा कशात? दोन्ही बाजू अशा तोलून धरण्यात की दोघांचा कल एकाच दिशेला जावा. बरोबरी साधण्यात त्याला रस होता खरा, पण टोपीसाठी. पुढे घोड्यांच्या शर्यतींनी हा शब्द उचलला तेव्हा त्यातला हा पंचही सोबत आला, असं मला वाटतं.

जुन्या इंग्लंडात शर्यत म्हणजे दोन जमीनदारांच्या दोन घोड्यांची लढत. त्यात उत्तम घोडा कोणता ते कळायचं, पण तो एकदा कळला की पैज लावायला काही उरायचं नाही. १७९१ मध्ये अ‍ॅस्कॉटला ओटलँड्स स्टेक्स नावाची मोठी हँडिकॅप शर्यत झाली. तिला लोटलेली गर्दी आणि लागलेला पैसा पाहून शर्यती भरवणाऱ्यांना सोन्याची खाण सापडली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अ‍ॅडमिरल हेन्री रूस यांनी इंग्लंडचे हँडिकॅपर म्हणून या कामाला शास्त्राचं रूप दिलं. गंमत अशी की याच रूससाहेबांनी दुसरीही एक पद्धत बसवून दिली, वयानुसार वजनाची. तीन वर्षांच्या घोड्याला पाच वर्षांच्या घोड्यापेक्षा कमी वजन, घोडीला घोड्यापेक्षा थोडं कमी, आणि एवढ्यावर संपलं. कोण किती चांगला धावतो याच्याशी या पद्धतीला देणंघेणं नाही. दोन्ही रीती एकाच माणसाच्या हातून घडल्या. पहिली घोड्याच्या गुणाला शिक्षा देते, दुसरी फक्त त्याच्या वाढीचा विचार करते.

हे दुसरं तत्त्व मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्या बैलगाडा शर्यतींत दात बघून गट पाडतात: आदत, दुसा, चौसा. दुधाचे दात न पडलेल्या खोंडाला पुऱ्या वाढलेल्या बैलाशी पळवायचं नाही, एवढी समज तिथं आहे. पण मागच्या वर्षी अमक्याने घाट मारला म्हणून यंदा त्याच्या जूवर दगड बांधा, असं कुणी म्हटलं तर गावकरी त्या माणसालाच गाड्याला जुंपतील. (बैलगाड्यांबद्दल माझे वेगळे आक्षेप आहेत, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली आणि २०२३ मध्ये राज्याचा नवा कायदा ग्राह्य धरला, त्या दोन्ही वेळी मी घरच्यांशी भांडलो. ते पुन्हा कधीतरी.)

मेलबर्न कप पहिल्यांदा धावला ७ नोव्हेंबर १८६१ रोजी. व्हिक्टोरिया वसाहतीत सोनं सापडून दहा वर्षं झाली होती, शहराच्या खिशात पैसा खुळखुळत होता आणि शेजारच्या न्यू साउथ वेल्सशी चुरस होती. सतरा घोडे, दोन मैल, चार हजारांच्या आसपास प्रेक्षक. एक घोडा उधळला, तीन पडले, त्यांतले दोन मेले. म्हणजे कपच्या पहिल्याच दिवशी घोडे मेले होते. मृत्यूंची चर्चा हे अलीकडच्या हळव्या लोकांचं खूळ आहे असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. जिंकला आर्चर, न्यू साउथ वेल्सचा, एतियेन द मेस्त्रे यांच्या तबेल्यातला. तो आठशे किलोमीटर चालत मेलबर्नला आला अशी दंतकथा इथं आवडीने सांगतात. खरं तर तो बोटीने आला.

पुढच्या वर्षी वजन वाढवलं तरी आर्चरच जिंकला. मग १८६३ साली हँडिकॅपरने त्याच्यावर ११ स्टोन ४ पौंड लादले, जवळपास ७२ किलो. द मेस्त्रे यांनी तरीही तारेने होकार कळवला. तार पोचायची मुदत होती १ जुलै. त्या दिवशी मेलबर्नला सुट्टी होती, कारण व्हिक्टोरिया न्यू साउथ वेल्सपासून वेगळी झाली तो हा दिवस. तार उशिरा पोचली आणि शर्यत भरवणाऱ्या क्लबने नियमावर बोट ठेवून आर्चरला बाद केलं. चिडून बाहेरच्या वसाहतींतल्या घोडेवाल्यांनी आपले घोडे मागे घेतले. उरले सात. एका सरकारी सुट्टीने कपचा पहिला नायक घालवला, आणि आता त्या कपसाठीच सुट्टी आहे.

या प्रसंगात सगळी गोष्ट आली. पहिल्या दोन वर्षांत शर्यतीला एक वीर मिळाला होता. नियमाला वीर नको होता. ७२ किलोंचा आकडा न्यायाने आला की मेलबर्नकरांच्या नाराजीने, यावर इथले इतिहासाचे शौकीन अजून वाद घालतात. मला तो वाद दुय्यम वाटतो. हँडिकॅपर कितीही प्रामाणिक असो, त्याचं कामच असं आहे की आर्चर तिसऱ्यांदा जिंकू नये.

आणि लोक? लोक कायम उलट बाजूला राहिले. १८९० मध्ये कार्बाइन धावला तेव्हा त्याच्यावर १० स्टोन ५ पौंड होते, सुमारे ६६ किलो. मैदानात एकोणचाळीस घोडे, आजवरची सर्वांत मोठी संख्या. दुसऱ्या आलेल्या हायबॉर्नवर त्याच्यापेक्षा ५३ पौंड कमी. ठोकताळा मानला तर कार्बाइनने त्रेपन्न लांब्यांची उधारी फेडून वर अडीच लांब्यांनी शर्यत मारली, आणि तीही विक्रमी वेळेत. नियम त्या दिवशी सपशेल हरला, म्हणून तर कार्बाइनचं नाव राहिलं.

फार लॅपची गोष्ट याहून बोलकी. न्यूझीलंडात जन्मलेला, अवघ्या १६० गिनींना घेतलेला हा तांबूस घोडा महामंदीच्या काळात ऑस्ट्रेलियाच्या घराघरात पोचला. १९३० च्या कपच्या तीन दिवस आधी, शनिवारी सकाळी, कुणीतरी मोटारीतून त्याच्यावर गोळी झाडली. गोळी चुकली. त्याच दुपारी तो एक शर्यत जिंकला आणि मंगळवारी ९ स्टोन १२ पौंड घेऊन कपही जिंकला. बुकींचा भाव इतका खाली की लावलेल्या रकमेपेक्षा कमी नफा. सट्ट्याच्या दृष्टीने याहून निरस शर्यत नाही. लोकांच्या दृष्टीने याहून मोठी झाली नाही. पुढच्या वर्षी हँडिकॅपरने त्याला १० स्टोन १० पौंड दिले, ६८ किलो. तो आठवा आला. जिंकलेल्या व्हाइट नोझवर ६ स्टोन १२ पौंड होते, म्हणजे साडेत्रेचाळीस किलो. चोवीस किलोंचा फरक.

व्हाइट नोझ हे नाव आज मेलबर्नमध्ये किती जणांना सांगता येईल? फार लॅपचं हृदय कॅनबेराच्या संग्रहालयात आहे, कातडं मेलबर्नच्या, सांगाडा न्यूझीलंडच्या. १९३२ मध्ये अमेरिकेत तो मेला तेव्हा इथं सुतक पडलं. हँडिकॅपने १९३१ साली आपलं काम चोख बजावलं होतं: अव्वल घोड्याला आठव्या जागी बसवलं, साधारण घोड्याला संधी दिली. त्या न्यायाचा आनंद मात्र कुणालाच झाला नाही. ज्या नियमाला आपण शर्यतीचा आत्मा म्हणतो तो यशस्वी झाला की आपण हळहळतो आणि हरला की नाचतो, हे कसलं प्रेम?

अगदी जवळचं उदाहरण मकाइबी दिवाचं. (नावाची कथा मजेदार आहे: मालकाच्या कंपनीतल्या पाच बायकांच्या नावांची इंग्रजीतली पहिली दोन-दोन अक्षरं जोडून ते केलं.) २००३ मध्ये ५१ किलो, २००४ मध्ये ५५.५, २००५ मध्ये ५८. दर वर्षी ओझं वाढत गेलं आणि ती दर वर्षी जिंकली. तीन कप जिंकणारं दुसरं जनावर नाही. २००५ च्या त्या शेवटच्या सरळ पट्ट्यातलं चित्रण मी कित्येकदा पाहिलंय, मैदान अक्षरशः रडत होतं. 'सगळ्यांना सारखी संधी' या तत्त्वासाठी कुणी रडत नव्हतं.

या सगळ्या ओझ्याची दुसरी बाजू कमी बोलली जाते. वर सत्तर किलोंच्या आसपास आणि खाली चाळीसच्या आसपास, एवढी दरी ठेवायची तर खालच्या टोकाला बसणार कोण? १८७६ मध्ये ब्रिसीस ही तीन वर्षांची घोडी ६ स्टोन ४ पौंड घेऊन जिंकली, चाळीस किलो. तिच्यावर बसलेला पीटर सेंट अल्बान्स जेमतेम बारा-तेरा वर्षांचा पोरगा होता. दोन मैलांच्या गर्दीत लहान मुलांना उतरवल्याशिवाय ही बरोबरी साधतच नव्हती. आज खालची मर्यादा ५० किलो आहे. मोठ्या माणसाने खोगिरासकट तेवढ्यात बसायचं म्हणजे काय, हे जॉकींना विचारावं: उपाशीपोटी गरम पाण्यात बसून घाम काढायचा, आदल्या रात्री पाण्याचा घोट मोजून घ्यायचा. ओझं घोड्याच्या पाठीवर दिसतं, जॉकीच्या पोटातलं दिसत नाही. मालकावर आणि बुकीवर मात्र एक ग्रॅमही चढत नाही.

आता म्हणणारे म्हणतील, ही जुनी रड आहे. आज वरचं वजन ५८-५९ किलोंच्या आसपास, खालचं ५०. पाचशे किलोंच्या घोड्याला आठ किलो म्हणजे काय? युक्तिवाद ऐकायला बरा आहे, पण तो दुधारी आहे. आठ किलोंनी फरक पडत नसेल तर ते घालायचं कशाला? पडत असेल तर 'काय एवढं' म्हणू नका.

शिवाय ही दरी का आटली तेही बघा. १९९३ मध्ये आयर्लंडहून आलेल्या व्हिंटेज क्रॉपने कप नेला आणि उत्तर गोलार्धातल्या तबेल्यांना वाट सापडली. त्यानंतर जपान, फ्रान्स, जर्मनी, इंग्लंड सगळे येऊन जिंकून गेले. बक्षिसाची रक्कम वाढत वाढत ऐंशी लाख डॉलरच्याही पुढे गेली. एवढा पैसा ठेवायचा तो जगातले उत्तम घोडे यावेत म्हणून. पण उत्तम घोड्याला सत्तर किलो दिले तर तो येणार नाही, म्हणून वरचं वजन खाली आणायचं. एका हाताने आमंत्रण, दुसऱ्या हाताने शिसं, आणि आमंत्रण नाकारलं जाऊ नये म्हणून शिसंही जरा कमी. क्लबचा स्वतःचाच या तत्त्वावरचा विश्वास उडालाय, फक्त तो तसं म्हणत नाही.

आणि ज्याच्यापुढे हँडिकॅपने उभं राहायचं तो पैसाच हँडिकॅपला शिकवून गेला. युरोपातला लांब पल्ल्याचा घोडा मोठा होण्याआधी, गुणांकन वर जाण्याआधी विकत घ्यायचा, इकडे आणायचा आणि हलक्या वजनात उतरवायचा. २०१७ आणि २०१८ या दोन्ही वर्षी उत्तर गोलार्धातले तीन वर्षांचे घोडे ५१-५२ किलो घेऊन जिंकले, एक आयर्लंडचा, एक इंग्लंडचा. यात फसवणूक नाही, सगळं नियमात बसतं. पण पुढच्या महिन्यात घोडा किती सुधारेल हे हँडिकॅपरच्या आधी ओळखण्याची ऐपत ज्याच्याकडे आहे, त्याच्यासाठी हा नियम अडथळा नाही, सवलत आहे. गरिबाची शर्यत म्हणवणाऱ्या या शर्यतीत एकाच धनाढ्य मालकाच्या नावावर सात कप आहेत.

उलट ज्या घोडीवर गेल्या दशकात हा देश खरोखर वेडावला ती विंक्स कपला कधी उतरलीच नाही. सलग तेहेतीस विजय, आणि २०१५ ते २०१८ चार वर्षं कॉक्स प्लेट. कॉक्स प्लेट ही मेलबर्नचीच, कपच्या काही दिवस आधीची शर्यत, वयानुसार वजनाची, २०४० मीटरची. कपचं अंतर तिला लांब, हे कारण होतंच. पण चार कॉक्स प्लेट जिंकलेल्या घोडीला कपमध्ये किती शिसं मिळालं असतं, ते मामाचं रेसबुकही सांगेल. 'देश थांबवणारी शर्यत' म्हणून कपने मिरवायचं आणि देशातल्या सर्वोत्तम घोड्याने त्या दिवशी तबेल्यात राहणं शहाणपणाचं ठरावं, हे काही ठीक नाही.

मृत्यूंबद्दल मला जपून बोलायचंय, कारण या विषयात दोन्ही बाजूंनी भरपूर आरडाओरड झालीये. २०१३ ते २०२० या काळात कपमध्ये धावलेले सहा घोडे गेले. २०१४ चा अ‍ॅडमायर रक्ती आणि २०२० चा अँथनी व्हॅन डायक हे दोघेही त्या त्या वर्षी सर्वांत जास्त वजनाचे घोडे होते, साडेअठ्ठावन्न किलो. वजनाने मेले असं मी म्हणणार नाही. एकाचं हृदय बंद पडलं, दुसऱ्याचं हाड मोडलं. २०२१ पासून परदेशी घोड्यांच्या पायांचं स्कॅनिंग सक्तीचं झालं, मोठं फ्रॅक्चर होऊन गेलेल्या घोड्यांना दार बंद झालं, हे चांगलं झालं. 'नप टू द कप', म्हणजे 'कप नको', म्हणणारी तरुण मंडळी यावर समाधानी नाहीत आणि त्यांची शर्यतच बंद करण्याची मागणी मला मान्य नाही. पण त्यांचा एक प्रश्न मला टाळता येत नाही: चोवीस घोडे कशासाठी? याचंही उत्तर टोपीत आहे. पंधरा घोड्यांत पैज रंगत नाही. जितके जास्त आणि जितके एकमेकांच्या जवळचे, तितका सट्टा मोठा, तितका सरकारचा त्यावरचा कर मोठा. हँडिकॅप ही ती गर्दी टिकवून धरणारी डिंकाची पट्टी आहे.

आपल्याकडे हा पेच कायद्यानेच घालून ठेवलाय. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नाही. घोड्याची पैदास, जॉकीचा हात, पाठीवरचं वजन याचा अभ्यास लागतो, असं त्यामागचं तर्कशास्त्र. पण हँडिकॅपचं उद्दिष्टच असं की हा अभ्यास निष्फळ ठरावा! हँडिकॅपर जितका कुशल तितका खेळ नशिबाच्या जवळ. आणि लावलेल्या पूर्ण रकमेवर जीएसटी आला तेव्हा शर्यतींना कॅसिनोच्या रांगेत बसवलं गेलं. न्यायालयात कौशल्य, करखात्यात जुगार. मामा असता तर म्हणाला असता, दोघंही बरोबर आहेत रे.

वयानुसार वजन लावलं तर लांब पल्ल्याची शर्यत मरेल, ही भीती खोटी आहे. अ‍ॅस्कॉटचा गोल्ड कप १८०७ पासून चालू आहे, कपपेक्षा लांब, सुमारे चार किलोमीटर, हँडिकॅप नाही. येट्स नावाचा घोडा तिथे २००६ ते २००९ सलग चार वर्षं जिंकला आणि चौथ्या वर्षी लोकांना कंटाळा आल्याचं मी तरी वाचलेलं नाही. मेलबर्नने घोडे सोळा-अठरावर आणावेत, वजन वयावर आणि नर-मादीवर ठेवावं, बक्षीस हवं तेवढं ठेवावं. पैजेचा धंदा काही वर्षं रोडावेल. रोडावू दे.

एवढं सगळं मी मागच्या नोव्हेंबरात त्याच सहकाऱ्याला जेवणाच्या सुट्टीत ऐकवलं. त्याने सँडविच संपवलं आणि एकच नाव घेतलं: मिशेल पेन.

इथं माझी गाडी अडते. २०१५ साली प्रिन्स ऑफ पेन्झान्स या घोड्यावर मिशेल पेनने कप जिंकला. भाव एकाला शंभर. दीडशे वर्षांत कप जिंकणारी ती पहिली स्त्री जॉकी. घोड्यावर ५३ किलो होते. बाई आणि कप यांचं नातं आधीच कडू: १९३८ मध्ये कॅटलॉग नावाचा घोडा जिंकला तेव्हा त्याला तयार करणाऱ्या बाईंचं नाव प्रशिक्षक म्हणून लागू शकलं नव्हतं, कारण इथं स्त्रियांना परवानाच नव्हता, नवऱ्याचं नाव लागलं. त्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी पेनने मैदानात उभं राहून, या खेळात बायकांना हिणवणाऱ्यांना कॅमेऱ्यासमोर सुनावलं. वयानुसार वजन असतं तर प्रिन्स ऑफ पेन्झान्स पहिल्या पाचात तरी आला असता का? बहुधा नाही. त्याला उतरायलाही मिळालं नसतं, आणि त्या दिवशी घराघरात टीव्हीपुढे बसलेल्या मुलींनी जे पाहिलं ते पाहिलं नसतं.

मी त्याला म्हटलं, पेनला चांगला घोडा मिळाला असता तर ती हँडिकॅपशिवायही जिंकली असती. चांगला घोडा तिला कुणी देत नव्हतं, हा दोष तबेल्यांचा आहे. तो घोड्यांच्या पाठीवर शिसं घालून कसा भरून निघणार? तो म्हणाला, "बरोबर आहे. पण तोवर ती कशावर बसणार होती?"

टोपी फिरत आमच्या टेबलापाशी आली होती. मी पाच डॉलर टाकले आणि हात घातला.